मावशी पाण्यात उतरली

माझी मावशी सर्फरांचे रबरी सूट दुरुस्त करायची. समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं दुकान. पुढे काउंटर, मागे मशीन, आणि छताला ओळीनं टांगलेले काळे सूट. नवीन गिऱ्हाईक दारातच दचकायचं. रबर शिवणं तसं किचकट. सुई आरपार गेली की त्या भोकातून थंड पाणी आत शिरतं, म्हणून सुई अर्ध्या जाडीपर्यंतच न्यायची आणि तिथूनच वळवून बाहेर काढायची. मावशीचा हात त्यात असा बसला होता की खिडकीबाहेर बघत, बोलत बोलत ती टाके घालायची. मी तिच्या बहिणीची मुलगी. ऑफिसच्या नोकरीला कंटाळून तिच्या दुकानात भागीदार झाले होते आणि अजून सुया मोडत होते.

समुद्रावर पोट असलेली ही बाई गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेली नव्हती. लहानपणी एका लाटेनं तिला पाडून वाळूत घुसळून काढलं होतं. तेव्हापासून तिनं समुद्राशी बोलणंच टाकलं. तिचे यजमान, आमचे काका, मात्र रोज सकाळी सर्फिंगची फळी काखोटीला मारून निघायचे, आणि ते परत येईपर्यंत मावशीचं लक्ष खिडकीतून हलायचं नाही.

त्या वर्षी शेजारच्या किनाऱ्यावर एका सर्फरच्या डोक्यात त्याचीच फळी बसली. आजूबाजूला चांगले पोहणारे होते, पण काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एकानं इकडे ओढलं, दुसऱ्यानं तिकडे. तो वाचला, पण थोडक्यात. मग आमच्या इथल्या एका निवृत्त नर्सबाईंनी सर्फरांसाठी वर्ग काढला. त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जीवरक्षकांचा मनोरा लांब आहे, बुडणाऱ्याच्या सगळ्यात जवळ असतो तो दुसरा सर्फर, तेव्हा शिकायचं त्यानं.

काकांनी नाव दिलं. मावशी चहाचा थर्मास घेऊन नुसती सोबत गेली, आणि मी तिच्या सोबत. सिस्टरना प्रात्यक्षिकासाठी कोणीतरी आडवं पडणारं हवं होतं. त्यांनी मावशीला वाळूत झोपायला सांगितलं. बेशुद्ध व्हायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. काका म्हणाले, बाकीचं जमेल तिला, शेवटचं जरा अवघड आहे. सगळे हसले, मावशीसुद्धा, आणि सिस्टरनी तिला दटावलं की बेशुद्ध माणूस हसत नाही.

नंतर सिस्टरनी सगळ्यांना वाळूच्या उंचवट्यावर बसवलं आणि गप्प राहून समुद्राकडे बघायला सांगितलं. मग त्यांनी मावशीला विचारलं की पाण्यात उतरायचं झालं तर तुम्ही कुठून उतराल. मावशीनं अगदी सावध माणसानं दाखवावी तशी जागा दाखवली. दोन्हीकडे लाटा फुटून फेस होत होता आणि मधला पट्टा शांत, गडद, सपाट होता.

सिस्टर काठापर्यंत गेल्या आणि लाकडाचा एक ओंडका त्या पट्ट्यात फेकला. कोणी दोरी बांधून खेचावा तसा तो सरळ आत जाऊ लागला. बघता बघता लाटांच्या पलीकडे.

"लाटा एवढं पाणी किनाऱ्यावर आणतात, ते परत कुठून जाणार?" सिस्टर म्हणाल्या. "इथून. तुम्हाला शांत दिसतं ते खोल आहे आणि आत समुद्राकडे धावतंय. यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, दमून मराल. तरंगा, हात वर करा, ओढ सैल झाली की आडवे पोहून बाहेर या."

मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं. "इतकी वर्षं खिडकीतून बघतेय मी," ती हळूच म्हणाली, "आणि समोर नदी वाहतेय हे मला दिसलंच नाही."

त्या दिवसानंतर तिला चैन पडेना. मशीन चालवता चालवता थांबायची आणि मला बोलवायची. बघ, आज ती डावीकडे सरकली. बघ, भरती आली तशी बुजली. ज्याच्याशी तिनं अबोला धरला होता त्याला इतकं काही सांगायचं होतं, याचं तिला नवल आवरत नव्हतं. शेवटी तिनं स्वतःच्या मापाचा एक सूट बेतला आणि सिस्टरपुढे जाऊन उभी राहिली. मला तरंगायला शिकवा म्हणाली.

आडोशाच्या उथळ पाण्यात शिकायला तिला अख्खा हिवाळा लागला. लाट अंगावर आली की ती आधी किंचाळायची, नंतर नुसती डोळे मिटायची, आणि एक दिवस तिनं डोळे मिटले नाहीत. वसंतात सिस्टर तिला त्या गडद पट्ट्यात घेऊन गेल्या. काहीही करू नका, एवढंच सांगितलं.

त्याबद्दल मावशी पुढे कितीदा तरी बोलली. "आपण किती हलके असतो गं," ती म्हणायची. "त्यानं मला उचललं आणि नेलं. किनारा लहान होत गेला, दुकानाची खिडकी दिसेनाशी झाली. राग नव्हता, काही नव्हतं. आणि मग लाटांच्या पलीकडे त्यानं मला सोडून दिलं. अगदी अलगद." हे सांगताना ती नेहमी आवाज खाली आणायची.

मग ती फळीवरून माणूस आणायला शिकली. माणूस बहुतेक वेळा काकाच. फळी पालथी करायची, पलीकडून त्याचे हात ओढून तिच्यावर घ्यायचे, कडेवर गुडघा टेकून मागे झुकायचं. फळी उलटते आणि माणूस आपसूक वर येतो. ताकदीचं काम नाहीच. पहिल्यांदा काका वर आले तेव्हा ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

गावात एक बेकरीवाला होता, धिप्पाड. त्याच्या मापाचा सूट बाजारात मिळेना म्हणून मावशीनं दोन सूट जोडून एक केला होता. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी तो पाण्यात होता, मावशी आणि काकाही होते. मी काठावर होते. लाट फुटली, बेकरीवाल्याची फळी हवेत उडाली आणि त्याच्या मानेजवळ आदळली. ओरडणं नाही, हातपाय मारणं नाही. तो पालथा पडून राहिला आणि त्या गडद पट्ट्यातून आत वाहू लागला.

काका बरेच लांब होते. मावशी जवळ होती. तिनं आधी हात उंच करून हलवला, तसं शिकवलेलंच होतं, आणि मग ती आपली फळी घेऊन त्याच्या दिशेनं गेली. मी फोनवर रुग्णवाहिका मागवत होते आणि माझ्याच तोंडून काय निघतंय ते मला कळत नव्हतं. मला एवढं दिसलं की फळी पालथी झाली, मावशी दिसेनाशी झाली, आणि मग फळी उलटली तेव्हा तिच्यावर तो अवाढव्य माणूस होता, तोंड पाण्याबाहेर. ती सरळ किनाऱ्याकडे वळली नाही. आडवी गेली, फेसापर्यंत. तिथे लाटांनीच दोघांना काठाला आणलं. तोवर काका पोचले होते. आम्ही तिघांनी त्याची मान सावरत त्याला वर घेतलं.

त्याचे ओठ निळे पडले होते. श्वास नव्हता. काका छाती दाबायला वाकले, तशी ती म्हणाली, "आधी हवा. बुडालेल्याला आधी हवा."

तिनं त्याची हनुवटी उचलली, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून फुंकलं. ती भली मोठी छाती वर आली आणि खाली गेली. पुन्हा फुंकलं, पुन्हा वर आली. मग काका दाबत होते, ती फुंकत होती, आणि मी त्या छातीकडे बघत होते. तो श्वास त्याचा नव्हता, माझ्या मावशीचा होता. असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग त्याच्या घशातून एक घाणेरडा आवाज आला आणि पाणी बाहेर पडलं. मावशीनं त्याला कुशीवर वळवलं. तो खोकला, कण्हला, आणि पुढचा श्वास त्यानं स्वतः घेतला.

रुग्णवाहिका गेल्यावर मावशी तिथेच वाळूत बसली. काका तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. घरी जाऊ या, असं ते म्हणाले, तर ती म्हणाली, "थांबा हो."

बेकरीवाल्याच्या मानेला इजा झाली होती, पण हाडं शाबूत होती. इस्पितळातून सुटला तसा तो दुकानात आला, गळ्यात पट्टा, हातात ताज्या पावांची पिशवी. मावशीनं त्याला स्टुलावर बसवलं आणि पाण्यात उतरायच्या आधी समुद्राकडे नीट बघत नाहीस म्हणून चांगलं झापलं. त्यानं निमूट ऐकून घेतलं. सिस्टरच्या पुढच्या वर्गाला येतो म्हणाला.

मशीन बंद होतं. मावशीनं मान किंचित तिरकी केली, आणि माझ्या लक्षात आलं की ती ऐकतेय. गल्लीचा चढ चढून आल्यामुळे त्याला थोडी धाप लागली होती. तो नुसता बसून श्वास घेत होता, आत, बाहेर, आणि मावशी कितीतरी वेळ ऐकत राहिली.