पत्रकातला दुसरा खलाशी

अण्णांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली, त्यात माझा वाटा किती हे मला अजून नक्की सांगता येत नाही. कंपनीचा वाटा मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. तो मी छापलाही आहे.

अण्णा बोरगावचे, मी निपाणीचा. त्या मालवाहू जहाजावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यांचं अर्धं आयुष्य समुद्रावर गेलेलं, माझी पहिलीच फेरी. तुटलेला जाड दोर ते असा विणून जोडायचे की डोळे मिटून हात फिरवला तरी जोड सापडायचा नाही. त्यांनी मलाही शिकवायला घेतलं होतं. माझा जोड बघून म्हणायचे, "ही गाठ न्हाय रं, हे गळू झालंय."

माझी ओळख वेगळी होती. माझे वडील विडी कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं मात्र कॉटखाली ढीगभर. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. 'निसर्ग' हा शब्द वाचता येण्याआधी मला 'निषेध' वाचता येत होता. खाली नाव नसलेलं पत्रक वडील वाचत नसत. "नाव नसंल तर ते पत्रक न्हवं, चहाडी," म्हणायचे. हे सगळं डोक्यात घेऊनच मी जहाजावर चढलो होतो.

आमच्या डेकवर तारेच्या दोरांना ग्रीस लावायचं काम असे. जुन्या तारेचे तुटलेले काटे वर आलेले असतात, त्याला जाड चामड्याचे हातमोजे लागतात. आम्हाला सुती दिले होते, तेही भोकं पडलेले. मी इंग्रजीत अर्ज लिहिला, डेकवरच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पुढच्या बंदरात बघू, असं उत्तर आलं. अण्णांनी सही केली, पण हसत. "आला बघा पुढारी. समुद्रात मोर्चा कुठनं काढणार तू?"

आठ दिवसांनी दुपारी तारेचा एक काटा त्यांच्या मोज्यातून आत गेला. मधल्या बोटाच्या बुडाशी शिरला आणि तार गुंडाळणारा ड्रम फिरत होता म्हणून तळव्यात बोटभर फाडत गेला.

"अण्णा, सेकंड ऑफिसरला सांगूया."

"काय सांगतोस? खरचटलंय."

"हे खरचटलं न्हवं. आणि आपला अर्ज हाय की. आता त्यास्नी बोलायला तोंड ऱ्हाणार न्हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझा हात तुझ्या पत्रकात घालायला न्हाय रं."

ते खरं होतं. रक्त बघून मला आधी अर्जच आठवला होता.

जखम लपवण्यामागे त्यांचं कारण साधं होतं. जेवणाच्या खोलीबाहेर एक पांढरा फळा होता: 'अपघाताविना इतके दिवस'. रोज सकाळी आकडा एकाने वाढायचा. वर्ष भरलं की कॅप्टन सगळ्यांना बोकडाचं जेवण देणार होता. "माझ्यामुळं बोकड वाचला तर बाकीचे मला कापतील," अण्णा म्हणाले. ही थट्टा. खरी गोष्ट अशी की अपघाताच्या कागदावर ज्याचं नाव चढतं, त्याला जहाजावर कामाला लावणारा एजंट पुन्हा फोन करत नाही. असं कुठेही लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत असतं.

तंबाखू मात्र मी सुचवली. ती त्यांनी सुचवली नव्हती.

विडीचं पान कापताना कात्री बोटाला लागली की माझी आई चिमूटभर जर्दा, म्हणजे विडीत भरायची तंबाखू, त्यावर दाबते आणि पुढचं पान उचलते. रक्त थांबतं. लहानपणापासून मी हे बघत आलोय. अण्णांच्या चंचीत गावाकडची तंबाखू होती. मी ती तळव्यातल्या जखमेत भरली, अंगठ्याने दाबून धरली आणि जुन्या बनियनची पट्टी बांधली. रक्त थांबलं. मला बरंही वाटलं. कात्री कातडीपुरतीच लागते, तारेचा काटा गंज आणि ग्रीस घेऊन आत जातो, एवढा साधा विचार मी केला नाही.

तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला. अण्णांना चमचा धरता येईना. मेसमधल्या माणसाने ते पाहिलं आणि वर सांगितलं.

जहाजावर डॉक्टर नसतो. एक पलंग असलेली खोली असते, औषधांचं कपाट असतं, आणि थोड्या दिवसांचं शिक्षण घेतलेला एक ऑफिसर असतो. आमच्याकडे तो सेकंड ऑफिसर. केरळचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याने उपग्रहाच्या फोनवर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला गाठलं. डॉक्टर इंग्रजीत विचारायचा, तो आम्हाला हिंदीत.

"कब लगा?"

"आज सुबह," अण्णा म्हणाले.

"कुछ लगाया था इस पे?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. डोळ्यांनी काही सांगितलं, असं म्हणायची सोय त्यांनी मला ठेवली नाही.

"कुछ नहीं," मी म्हणालो. "पानी से धोया."

पलीकडून आवाज आला की काही तासांत एवढी सूज येणं त्याला पटत नाही, पुन्हा विचारा. सेकंडने पुन्हा विचारलं. आम्ही दोघांनी पुन्हा तेच सांगितलं. मग डॉक्टरने ताज्या जखमेची औषधं सांगितली: इंजेक्शन, गोळ्या, हात उंच ठेवा, उद्या फोटो पाठवा. सेकंडने लाली जिथे संपत होती तिथे पेनाने रेघ ओढली. त्या दुपारी किनारा आमच्यापासून अर्ध्या दिवसावर होता. जहाज सरळ पुढे गेलं.

सकाळी लाली रेघ ओलांडून कोपराकडे निघाली होती. अण्णा तापात होते आणि तापातही दोर विणल्यासारखी डाव्या हाताची बोटं चालवत होते. ते बघून मी सेकंडच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, जखम चार दिवसांची आहे, आत तंबाखू आहे. ती कोणी लावली हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त फोन उचलला आणि नंबर लावताना म्हणाला, "कल बोलना था."

डॉक्टरने जखम उघडून धुवायला सांगितलं. मी दिवा धरला. सेकंडने जखम उघडली. सलाइनबरोबर तंबाखूचे काळे कण पू घेऊन बाहेर येत राहिले. वास ओळखीचा होता, आमच्या घराचा. अण्णा छताकडे बघत म्हणाले, "गावाकडचा माल हाय, सायेब. बाहेर यायला वेळ लावणारच." सेकंडला मराठी येत नव्हती. मलाही हसता आलं नाही.

जहाज मागे वळलं. मागे पडलेला किनारा गाठायला आता दीड दिवस लागला. किनाऱ्यावरून आलेल्या बोटीत उतरवताना अण्णांचा हात छातीवर बांधलेला होता आणि बोटांची टोकं निळी होती. त्याच संध्याकाळी मला फळ्यावरचा आकडा पुसून शून्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं.

तिथल्या इस्पितळात दोन बोटं काढली. उरलेली दोन मिटत नाहीत. लवकर आले असते तर वाचली असती का, हे डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं नाही. कंपनीच्या चौकशीत अण्णांनी सांगितलं की तंबाखू त्यांनी स्वतःच लावली. कंपनीला तेवढंच हवं होतं. हातमोज्यांचा अर्ज कुणाला सापडलाच नाही.

फेरी संपवून घरी आलो आणि मी पत्रक लिहिलं. समुद्रावर जाणाऱ्या आपल्याकडच्या पोरांसाठी. हातमोज्यांबद्दल, फळ्याबद्दल, एजंटबद्दल, आणि डॉक्टरपासून काही लपवू नका म्हणून. खाली माझं नाव, ठळक. निपाणीत पाचशे प्रती छापून घेतल्या आणि पहिली प्रत द्यायला बसने बोरगावला गेलो.

अण्णा दारातल्या कट्ट्यावर बसले होते. पत्रक त्यांनी गुडघ्यावर ठेवलं, उजव्या मनगटाने दाबून धरलं आणि मोठ्याने वाचायला लागले. वहिनी चहा घेऊन आल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या. हातमोज्यांवर अण्णा म्हणाले, "झकास लिवलंस." मग पुढचा मजकूर आला.

"'एका खलाशाने जखम लपवली. तिच्यात तंबाखू भरली. डॉक्टरांना खोटं सांगितलं.'" ते थांबले. "हे समदं मी एकट्यानं केलं व्हय रं?"

"अण्णा, पत्रकात एकच उदाहरण द्यावं लागतंय. लई माणसं घातली की वाचणाऱ्याचा गोंधळ हुतो."

"दोन म्हंजे लई?"

वहिनींनी चहाची बशी खाली ठेवली. "दुसरा कोण हुता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. जहाजावर औषधांच्या खोलीत पाहिलं होतं तसंच.

"मी होतो, वहिनी. तंबाखू मी भरली. डॉक्टरला न्हाय म्हणून मीच सांगितलं."

त्या माझ्याशी नाही, अण्णांशी बोलल्या. "सा म्हैने झालं, मी तुमास्नीच बोलतीया. चंची चुलीत घातली तुमची. तवा तरी सांगायचं."

"पोरगं हाय," अण्णा म्हणाले.

वहिनी आत गेल्या. मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. अण्णांनी पत्रक माझ्यापुढे सरकवलं. घडी घालायला गेले, पण एका हाताने ती वाकडी पडली, तशीच राहू दिली. "पत्रकं वाटलीस का?"

"अजून न्हाय."

"मग बरं झालं."

घरी येऊन मी गठ्ठा सोडला आणि प्रत्येक प्रतीवर त्या ओळीच्या बाजूला पेनाने लिहायला बसलो: तंबाखू भरणारा आणि डॉक्टरशी खोटं बोलणारा दुसरा खलाशी मी. खाली सही. नवीन छापून घेता आली असती. पण पाचशे वेळा हाताने लिहावं असं वाटलं. शंभरएक प्रती झाल्यावर हात आखडला. मी पेन ठेवलं, बोटं उघडली आणि मिटली. पाचही मिटली.