गीताबाईंच्या चौकटीवरचे डाग

गीताबाई किन्हवलीजवळच्या आमच्या गावात चाळीस वर्षं सुईण होत्या. पोटुशीच्या पोटावर तेलाचा हात फिरवायच्या आणि मूल ठीक असलं की उरलेलं तेल तिच्याच डोक्याला चोळायच्या. ठीक नसलं तर एक शब्द न बोलता उठायच्या आणि हात स्वतःच्या दाराच्या चौकटीला पुसायच्या. चौकटीवर असे नऊ काळपट डाग होते. त्या नऊंपैकी एकाही मुलानं वर्ष काढलं नाही. सगळ्यात खालचा डाग त्यांच्या स्वतःच्या बाळाचा.

मी गावची आशा सेविका. मला या प्रकाराचा भारी राग. पाचव्या महिन्यात प्रत्येकीला शहापूरला सोनोग्राफीला नेणारी मी, माझ्या पाचव्या महिन्यात मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. खरं सांगते, पडद्यावर काय दिसेल याची भीती वाटत होती.

एका दुपारी गीताबाईंकडे गेले आणि थट्टेनं म्हटलं, "आजी, बघा तुमचं मशीन काय म्हणतंय."

त्यांचा हात फिरत फिरत बेंबीच्या डावीकडे थांबला. भर उन्हाळ्यात तो हात गार पडत गेलेला मला कळला. मग त्या उठल्या आणि चौकटीकडे गेल्या.

तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी सकाळी गीताबाईच दारात उभ्या.

"चल गो शहापूरला."

"इतक्या बायांना तुमी का नाय सांगितलं, आजी?"

"सांगून पाठवायचं कुठं होतं?"

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरबाईंचा हात नेमका बेंबीच्या डावीकडे थांबला. त्यांनी तिथंच पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. बाळाच्या हृदयात दोष दिसत होता. त्यांनी मुंबईला पाठवलं. तिथं कळलं, हृदयाच्या दोन मोठ्या नळ्या उलट जोडल्या आहेत. बाळंतपण तिथंच झालं आणि आठव्या दिवशी ऑपरेशन. आधी कळलं नसतं तर मुलगी गेली असती.

ती चालायला लागली तेव्हा तिला गीताबाईंकडे नेलं. कोणी काही न सांगता ती सरळ चौकटीपाशी गेली आणि दहाव्या डागावर तिनं तळवा टेकला. मी घाबरून तिला ओढायला गेले, तर गीताबाईंनी माझा हात धरला.

"राहू दे गो," त्या म्हणाल्या. "बाकीच्या नऊंवर हात ठेवायला कोण आलंच नाय."