निळा ठिपका

माझ्या मुलीला दिशा कळत नाहीत. शाळेत मधल्या सुट्टीनंतर ती दोनदा दुसऱ्याच वर्गात जाऊन बसली होती, आणि एकदा तर तिथली कविताही पाठ करून आली. तिचे बाबा तिला भोवरा म्हणायचे. ते लिफ्ट दुरुस्त करतात. "मला वर आणि खाली एवढ्या दोनच दिशा येतात, पोरीने त्यातही बचत केली," असं म्हणून हसायचे. सहाव्या वर्षी तव्याला लागून तिचं उजवं मनगट भाजलं. तेव्हापासून डागाचा हात तो उजवा, एवढं एक पक्कं झालं. अजूनही कोणी 'उजवीकडे वळा' म्हटलं की ती आधी मनगटाकडे बघते.

असं असून ती घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी, जखमा बांधणारी नर्स झाली. म्हाताऱ्या माणसांच्या हातातली हरवलेली शीर तिला डोळे मिटून सापडायची. रस्ता मात्र भर उन्हात सापडायचा नाही. त्यावर तिने स्वतःच उपाय काढला होता. जाड पुठ्ठ्याची एक वही, दर पेशंटला एक पान. नवा पेशंट आला की आदल्या संध्याकाळी स्कूटरवरून जाऊन ती घर बघून यायची आणि लिहायची: 'टायरच्या दुकानानंतर दुसरी गल्ली. तडा गेलेल्या आरशाचं सलून. पिवळं गेट. कुत्रा नुसताच भुंकतो.' परतीचा रस्ता पानाच्या मागच्या बाजूला, कारण येताना सगळं उलटं दिसतं आणि तिला ते नव्याने शिकावं लागे. चार वर्षं, साठेक घरं. एकदाही उशीर नाही.

मग तिच्या संस्थेचं काम वाढलं. सकाळी सातला फोनवर यादी यायची आणि आठला निघायचं. आदल्या दिवशी घर बघून येणं संपलं. पहिल्याच आठवड्यात तिला तीनदा उशीर झाला. हेड सिस्टरनी बोलावून सांगितलं, "हात तुझा सोन्यासारखा आहे गं, पण तो पेशंटच्या दारापर्यंत पोचला तर उपयोग. फोनमध्ये रस्ता दाखवणारं काहीतरी घे. असं चालू राहिलं तर मला तुला ठेवता येणार नाही."

त्या रविवारी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. तिने आधीच एक ॲप शोधलं होतं. त्यात सगळा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवता येई, मग नेट असो वा नसो. आणि ते नुसतं 'डावीकडे' म्हणायचं नाही, 'पेट्रोल पंपानंतर डावीकडे' म्हणायचं. तिच्या वहीसारखंच. मी दुसरं शोधलं होतं. ते गर्दी टाळून रस्ता दाखवायचं, आणि त्यात ती कुठे आहे ते मला माझ्या फोनवर दिसणार होतं. एक निळा ठिपका. तिच्या जुन्या फोनमध्ये दोन्ही मावत नव्हती.

"आई, हे माझ्या भाषेत बोलतंय गं."

"पण यात तू मला दिसत नाहीस."

"मी कशाला दिसायला हवी? रस्ता मला शोधायचाय!"

"रोज परक्या घरांत जातेस. माझा जीव टांगणीला लागतो."

तिचे बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अगं, घोड्यावर बसणार ती. घोडा तिला निवडू दे."

"तुम्ही गप्प बसा. तुमची लिफ्ट अडकली तरी माणसं निदान लिफ्टमध्येच सापडतात."

ती हसली. "बरं बाई, तुझं घेते. एकदाचा तो जीव खाली उतरव." तिने तिचं ॲप काढून टाकलं. ती वहीही मी ड्रॉवरमध्ये टाकली. म्हटलं, आता कशाला हा पसारा?

सतरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून ठिपका बघायची.

अठराव्या दिवशी यादीत एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते. कॅन्सर हाडांत उतरलेला. अकरा वाजता वेदना थांबवायचं इंजेक्शन, आधीच्या डोसचा असर तेवढ्यापुरताच असायचा. घर दगडाच्या खाणीपलीकडे. साडेदहाला ठिपका खाणीपाशी थांबला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. तिथून दगडांचे ट्रक जातात, आणि मनात येऊ नये ते आलं. फोन लावला, लागला नाही.

झालं होतं एवढंच, की खाणीपलीकडे नेट नव्हतं आणि नकाशा पांढरा पडला होता. रेंज मिळावी म्हणून ती मागे आली. रेंज आली, नकाशा उघडला, आणि वळणावरच माझा फोन वाजला. नकाशावर माझं नाव आलं. तिने कट केला. मी पुन्हा लावला. तिने उचलून सांगितलं, "आई, ठेव. मला बघू दे." मी ठेवला. मग ठिपका पुन्हा थांबलेला दिसला आणि माझ्याने राहवलं नाही. चार वेळा लावला मी. ठिपका पाठवण्यात सकाळपासून बॅटरी उतरतच होती. चौथ्या फोनला तिचा मोबाइलच बंद पडला.

रस्ता विचारत, पुन्हा पुन्हा चुकत ती सव्वा वाजता पोचली.

मास्तरांना काही झालं नाही, म्हणजे ते गेले नाहीत. सव्वादोन तास त्यांनी ते सोसलं. उशीची कड दातांनी फाटली होती. त्यांची बायको दार उघडून रागावली नाही. एवढंच म्हणाली, "सिस्टर, यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. तुम्हाला आला नाही का?"

दुसऱ्या दिवशी मुलीने इंजेक्शनांची बॅग संस्थेला परत केली. हेड सिस्टर म्हणाल्या होत्या, आठ दिवस सुट्टी घे, मग बघू. हिनेच राजीनामा दिला. 'माझी चूक' एवढंच सांगितलं. माझ्या फोनांबद्दल एक अक्षर नाही, त्यांना नाही आणि तिच्या बाबांनाही नाही.

याला तीन महिने झाले. ती कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही. स्कूटरवर धूळ आहे. बाबांनी एकदा "काय भोवऱ्या" म्हणून हाक मारली, तिने वर पाहिलं नाही. तेव्हापासून त्यांनीही ते नाव सोडलं. मी वही काढून तिच्या उशाशी ठेवली, ती सकाळी परत ड्रॉवरमध्ये होती. म्हटलं, तुझं ते पंपवालं ॲप घेऊ या, नवा फोन आणू या. ती म्हणाली, "जायचंय कुठे?"

काल मी विचारलं, "ते ठिपक्याचं काढून टाकू का गं?"

"राहू दे की, आई. आता स्वयंपाकघर, मोरी आणि खाट. यात चुकायला जागाच नाही."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी आताच फोन उघडून पाहिला. ठिपका आमच्या घरावर आहे, हलत नाही. मला तो हवा होता, अगदी तिथेच.