मिंका आणि दोराचे तीन फटके

लोव्रो मिंकाला चांगला ओळखत होता असं गावात म्हणतात. ओळखत होता म्हणजे काय, तर त्याचं कुंपण तिच्या कुंपणाला लागून होतं. तिचं लग्न का मोडलं, ती चर्चमध्ये नेहमी शेवटच्याच बाकावर का बसायची, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र तिनं फक्त त्याला सांगितली. बहुधा लोव्रो कुणाशी फारसं बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं म्हणून.

मिंकाचा जन्म बसस्टँडच्या तिकीट-खिडकीत गेला. देशातल्या सगळ्यात उंच शिखरावर, त्रिग्लावला, जाणारी माणसं तिथं गाडी बदलायची आणि गाडी येईपर्यंत खिडकीशी यायची. "बाई, कुठल्या वाटेनं जावं?" मिंका सांगायची. क्रमाच्या दरीतून जा, लांब पडेल पण सगळी पायवाट आहे. शनिवार टाळा, नाहीतर दोघांच्या जागेत तिघं झोपाल. ऑगस्टात दुपारी विजा पडतात, त्याआधी मुक्कामाचं डोंगरघर गाठा. वर पाणी विकत घ्यावं लागतं, खालून भरून न्या. उतरून आलेली माणसं कुठं दरड आली, धरून चढायची कुठली तार सैल झाली ते तिला सांगत. ती ते पुढच्याला सांगे. तिच्या सांगण्यावरून गेलेला माणूस कधी चुकला नाही.

आमच्याकडे त्रिग्लाववर एकदाही न गेलेला माणूस अर्धाच धरतात. म्हणून कुणाला 'तू वर गेलायस का' असं कुणी विचारत नाही. धडधाकट माणसाला 'तुला चालता येतं का' असं विचारतं का कुणी? लोव्रोची गोष्ट वेगळी होती. त्याला उंचीची भीती वाटते हे गावाला माहीत होतं, आणि गावानं त्याला माफही केलं होतं.

मिंका निवृत्त झाली त्या उन्हाळ्यात गॅरेजवाल्या ब्रानेनं टूम काढली की त्यानं, मिंकानं आणि लोव्रोनं मिळून जायचं. बेत ठरवायला ते मिंकाच्या स्वयंपाकघरात बसले. ब्रानेनं येताना दोराचा तुकडा आणला होता. तो त्यानं अक्रोडाच्या पोळीशेजारीच ठेवला.

"हे काय माझ्या टेबलावर?" मिंकानं विचारलं.

"लोव्रोच्या बुडासाठी. पहिल्यांदा चढणाऱ्याला शिखरावर तीन फटके. म्हाताऱ्यांना सूट नाही."

"आधी त्याला चढू तर दे. आपण चालणारी माणसं, कड्यांना लोंबकळणारी नव्हे. डोंगरघरापर्यंत पायवाट आहे. पुढची धार तारांची. तिथं वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही."

"मी आहे की वाटाड्या."

"तू गाड्यांखाली झोपणारा माणूस. गप बस आणि खा."

मग बेत तिनंच ठरवला. सप्टेंबर, आठवड्याच्या मधला वार. झोपायच्या जागा आधी फोन करून सांगायच्या. हेल्मेट आणि कमरेचे पट्टे गिर्यारोहण मंडळाकडून आणायचे. चामड्याचे हातमोजे हवेतच, तारेचे धागे तुटून हातात घुसतात. वर जायचं की नाही ते सकाळी न्याहारीला ठरवायचं. खडक ओला असेल तर मुकाट्यानं खाली. कुणाला भीती वाटली तर त्यानं थांबायचं आणि बाकीच्यांनी त्याला हसायचं नाही.

"हे शेवटचं तुझ्यासाठी आहे, ब्राने."

"कळलं. आत्ताच हसून घेतो," ब्राने म्हणाला आणि उठून गेला.

मिंका कप धुवायला उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "लोव्रो, फटके दोघांना पडायला हवेत."

लोव्रोला आधी उमगलं नाही. मग उमगलं, वर तीही कधी गेली नव्हती.

"उन्हाळ्यात खिडकी सोडता यायची नाही. हिवाळ्यात वर बर्फ," ती म्हणाली. "मी खोटं कधी बोलले नाही रे. कुणी विचारलंच नाही."

"मग डोंगरघरापर्यंतच जाऊ. कुणाला काही कळायचं नाही."

"शिखर रोज दिसायचं मला खिडकीतून."

"पण ब्रानेला कळेल."

"ब्रानेला कळलं की गावाला कळलं. म्हणतील, बाई आम्हाला ऐकीव गोष्टींवर वर पाठवत होती." तिनं कप उपडा घातला. "बाकी सगळ्याचा बेत जमतो मला. ह्याचा जमेना."

ठरल्या दिवशी ते क्रमातून चढले. वाट मिंकानं सांगितली तशीच निघाली. पाण्याचा झरा तिनं सांगितला त्याच वळणावर होता. पण झरा दिसल्यावर ती थबकली, हात ओला करून हसली, हे एकट्या लोव्रोनं पाहिलं. संध्याकाळी डोंगरघरात जवाची आमटी खाताना ब्राने आपल्या आधीच्या चढायांच्या गोष्टी सांगत होता. मिंका खिडकीतून धारेकडे बघत होती. आमटी निवून गेली.

सकाळी खडक कोरडा होता. बोलावलेला वाटाड्या पट्टे तपासत होता. लोव्रोनं मिंकाला बाजूला घेतलं.

"मी सांगतो मला भीती वाटते. ते खरंच आहे. तू माझ्याजवळ थांब. कुणी काही म्हणणार नाही, नियम तुझाच आहे."

"भला माणूस आहेस," मिंका म्हणाली. "हातमोजे आणलेस?"

"विसरलो."

"वाटलंच मला." पिशवीतून तिनं जादा जोडी काढून त्याच्या हातात दिली. "चल. खाली बघू नकोस, माझ्या टाचा बघ."

लोव्रो तिच्या टाचा बघत चढला. धारेबद्दल त्याला आजही फार सांगता येत नाही, टाचांबद्दल येतं.

वर शिखरावर पत्र्याचा छोटा बुरूज आहे, त्यापाशी ब्रानेनं दोर काढला. लोव्रो वाकला, तीन फटके पडले, शिखरावरच्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. ब्राने दोर गुंडाळू लागला.

"थांब," मिंका म्हणाली. "मी राहिले."

"तू? अगं, मी पोरगा होतो तेव्हा मला ही वाट तू सांगितलीस."

"सांगितली. पण आले नव्हते."

ब्रानेच्या हातातला दोर नुसताच लोंबत राहिला. मिंका वाकून उभी होती, गुडघ्यांवर हात ठेवून.

"मार ना, कंबर दुखते. आणि नीट मार, लोव्रोला मारलेस तसे."

ब्रानेनं मारले. तिसऱ्या फटक्याला त्याचे डोळे ओले झालेले लोव्रोनं पाहिले. वाऱ्यानंही झाले असतील.

गाव आठवडाभर हसलं. मग वाट विचारायला लोक पूर्वीसारखेच तिच्या कुंपणाशी यायला लागले. ती पूर्वीसारखंच सांगायची, फक्त झऱ्याबद्दल थोडं जास्त.

नाताळाच्या आधी ती झोपेतच गेली. त्याच्या आदल्या दिवशी ती बर्फ लोटत होती आणि लोव्रो कुंपणाशी उभा होता.

"तुझे हातमोजे माझ्याकडेच राहिलेत," तो म्हणाला.

"राहू देत. वाळवलेस ना? ओले राहिले तर चामडं कडक होतं."

"वाळवलेत."

"मग झालं तर."