चांदीरंग दिलेली जर्मन गाडी

मागच्या संक्रांतीला भिलाईच्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिळगुळाचा कार्यक्रम होता. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या एक बाई होत्या. बोलण्यात कळलं की त्या दुर्गच्या रेल्वे कॉलनीत वाढल्या, वडील पॅसेंजर गाडीवर गार्ड होते. जुन्या माणसांच्या गोष्टी निघाल्या तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "आमचे बाबा लई काटेकोर होते जी. आयुष्यात एकच चूक केली म्हणत. बिलासपूरले दोन पुड्या सारख्याच होत्या. भिलाईची रायपूरले देल्ली अन् रायपूरची भिलाईले. कोनाची तरी जर्मन खेळण्यातली गाडी होती. शेवटी आजारपणात तर तेच ते सांगत."

मी तिळगुळाची वाटी खाली ठेवली आणि त्यांचा दुर्गचा पत्ता विचारून घेतला. त्यांच्या वडिलांनी पुड्यांची अदलाबदल केली नव्हती. ती गाडी बरोबर माझ्या हातात आली होती, आणि आजही माझ्या कपाटात आहे.

साठ वर्षं मी समजत होतो की माझ्यामुळे लोकांचा त्या माणसावरचा विश्वास गेला. त्यांचा स्वतःवरचाही गेला असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

हे सगळं क्रमाने सांगायचा प्रयत्न करतो. क्रम मलाच नीट लागत नाही, तरी.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचं बांधकाम जोरात होतं तेव्हाची गोष्ट. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो, नकाशे कापडावर शाईने उतरवून काढणारा, बावीस वर्षांचा. सेक्टर दहामध्ये एका ड्राफ्ट्समनबरोबर क्वार्टरमध्ये राहायचो. ते भंडाऱ्याकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मी त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांचे धाकटे बंधू राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात होते. आमच्याकडे रशियन, तसे तिकडे जर्मन साहेब. ते साहेब मायदेशी परतताना सामान वाटून टाकत, त्यात मुलांच्या ओतीव धातूच्या लहान मोटारी असत. बोटभर लांबीच्या, वजनदार, तळाशी जर्मनीचं नाव उठवलेलं. पहिली गाडी बंधूंनी गंमत म्हणून पाठवली. भाऊंनी ती भिंगाखाली धरली, खिडकीच्या चौकटीची जाडी मोजली, आणि तिथून त्यांना नाद लागला. मलाही लागला, पण गाड्या त्यांच्या होत्या. मी पुसणारा आणि बघणारा.

ऑफिसात चेष्टा व्हायची. एक सरदारजी फोरमन म्हणायचे की यांना पगार रशियन प्लांटचा आणि प्रेम जर्मन गाड्यांवर. भाऊ हसून म्हणत, "सरदारजी, प्लांट घरी नेता येत नाही ना."

गाड्या यायच्या त्या गार्डांच्या हातांनी. राउरकेल्याचा गार्ड पुढच्या गार्डाला देणार, तो त्याच्या पुढच्याला, बिलासपूरहून आमचे गार्डकाका, म्हणजे त्या बाईंचे वडील. त्या काळी या लाइनवरच्या मराठी घरांची निम्मी देवाणघेवाण अशीच चाले. नागपूरची संत्र्याची बर्फी, बाळंतिणीचा डिंक, पत्रिका, औषधं. पावती नाही, सही नाही. "गार्डाच्या हाती देल्लं" म्हटलं की पोचल्यातच जमा. गार्डकाका भिलाई स्टेशनात आपल्या डब्याच्या दारात उभे असत. मी गेलो की पुडी खाली देत आणि म्हणत, "घ्या ट्रेसरबाबू, तुमची जर्मनी आली."

त्या वर्षी नवरात्रात भाऊ गावी गेले. त्यांच्या घरी घट बसायचे. जाताना मला म्हणाले, "खंडेनवमीले गाड्या पुसून पूजेत मांड. पाटीजवळ, कंपासपेटीजवळ. हळदकुंकू तळाले लाव, वर नको."

ते गेल्यावर पुडी आली. उघडून पाहिली तर गाडी जुनी होती, आमच्याकडच्या सगळ्यांहून जुनी. लांब नाक, फुगीर मडगार्ड. रंग क्रीम आणि मरून, आणि तो जागोजाग उडालेला. छपरावर तर नुसता उघडा धातू. मला तिची दया आली. खरंच दया आली.

आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. विश्वकर्मा पूजेच्या आधी साइटवर जे जे यंत्र असेल ते धुऊन त्याला रंग द्यायचे. क्रेन, ट्रॉली, हातगाडा, पंप. रंग उडालेलं यंत्र पूजेत ठेवणं म्हणजे देवापुढे मळक्या कपड्यांत उभं राहणं. चांदीरंग, म्हणजे ॲल्युमिनिअम पेंट, डब्यांनी यायचा आणि पूजेनंतर डब्याच्या तळाशी उरलेला लोक घरी न्यायचे. आमच्या मोरीच्या दारालासुद्धा तोच होता. माझ्याकडे अर्धा डबा होता.

आणि मी ट्रेसर. ट्रेसिंगच्या कापडावर शाई पसरली की ती ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, जागा गुळगुळीत करायची आणि वरून पुन्हा रेघ मारायची, अशी की साहेबाला चूक झालेली कळू नये. तीन वर्षं मी हेच करत होतो. त्याच ब्लेडने मी त्या गाडीचा रंग खरवडला. दोन दिवस लागले. घासलेटने धुतली, बारीक कुंचल्याने चांदीरंगाचे दोन हात दिले, खिडक्यांभोवती ड्रॉइंग पेनने काळी रेघ ओढली. तिच्याबरोबर आलेली फाटकी पुठ्ठ्याची पेटी दसऱ्याच्या साफसफाईत फेकून दिली. खंडेनवमीला सगळ्या गाड्यांमध्ये तीच उठून दिसत होती. मी तिला झेंडूचं फूल वाहिलं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, असं वाटलं होतं.

दसऱ्यानंतर भाऊ आले. बॅग खाली ठेवायच्या आधी विचारलं, "आली का?" खिशात बंधूंचं पत्र होतं, गावच्या पत्त्यावर आलेलं. उभ्या उभ्या मला वाचून दाखवलं. गाडी लढाईच्या आधीची आहे. एका जर्मन इंजिनिअरची, त्याच्या लहानपणची. घरावर बाँब पडला त्यातून हीच तेवढी राहिली. क्रीम आणि मरून. रंग उडाला आहे, पण तो त्याच्या हातांनी खेळून उडालेला आहे. भावाला सांगा, आहे तशी ठेवा, असं त्याने बजावलं आहे.

पत्र संपेपर्यंत मी कपाटाकडे पाहत होतो. भाऊंनी दार उघडलं. चांदीरंगाची गाडी हातात घेतली, उलटीपालटी केली. लख्ख नवी दिसत होती, हीच अडचण झाली. रंगवलेली वाटतच नव्हती.

"हे कोनतं? हे तर बाजारातलं नवं खेळणं आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पुडीत अशीच आली?"

मी "हो" म्हणालो.

त्या "हो"चा अर्थ मला आजही लागत नाही. भीती होती का? भाऊ मारणारे नव्हते. मला वाटतं, त्या क्षणी मला रंगाचं इतकं बरं वाटत होतं की त्यांना ती नवी वाटली याचा थोडा आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी. एवढं बोलून गेलो, आणि मग ते मागे घ्यायची जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी थांबली. गार्डकाका दारात होते, काखेत झेंड्या.

"काकाजी, पुडी बदलली," भाऊ म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते अधिक वाईट झालं.

"कावून बदलंन जी? मले बिलासपूरले जे देल्लं, ते मी याच्या हातात देल्लं. नाई का, ट्रेसरबाबू?"

माझ्या नखांच्या कडांना चांदीरंग होता. मी हात पँटच्या खिशात घातले होते. "हो," मी म्हणालो, "पुडी तुम्हीच दिली." तेवढंच खरं होतं, म्हणून तेवढंच बोललो.

"त्या दिवशी दोन होत्या," गार्डकाका स्वतःशीच म्हणाले. "एक रायपूरची होती. तिच्यातबी पोराचं खेळणंच होतं. सारख्याच पेपरात गुंडाळल्या होत्या." मग भाऊंना म्हणाले, "मी विचारून येतो तिकडे. तुमची असंन तर आणून देतो."

सिग्नल पडला. त्यांनी हिरवी झेंडी दाखवली. गाडी हलली तेव्हा ते आमच्याकडे पाहत नव्हते, आपल्याच हातांकडे पाहत होते.

ते रायपूरला गेले होते, हे मला नंतर कळलं. ज्यांच्याकडे दुसरी पुडी दिली होती त्या घराची बदली झाली होती. कुठे, ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मी त्याच आठवड्यात सांगितलं असतं तर एवढ्यावर मिटलं असतं. रोज ठरवायचो. ऑफिसला जाताना सायकलवर वाक्य तयार व्हायचं आणि घरी परतेपर्यंत मोडायचं.

भाऊंनी बंधूंना लिहिलं, बंधूंनी तिकडच्या गार्डांना सांगितलं. कोणी चोर म्हटलं नाही. फक्त लोक गार्डकाकांच्या हाती काही देईनासे झाले. "पोस्टानंच पाठवा, आजकाल हातची वस्तू पोचंन का नाई, काय भरोसा," असं मी आमच्याच सेक्टरमधल्या एका वहिनींना बोलताना ऐकलं आणि मान हलवली. होकाराची.

भाऊंनी त्यानंतर गाड्या मागवल्या नाहीत. निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा बाकीच्या सगळ्या गाड्या पेटीत भरून नेल्या आणि चांदीरंगाची तेवढी माझ्या हातात ठेवली. "ही तुले राहू दे. तुले आवडते." ते तेव्हा माझ्या नखांकडे पाहत होते असं मला वाटतं. पण त्या वेळी नखांवर काहीच नव्हतं, पंचवीस वर्षं उलटली होती. त्यांना माहीत होतं का? माहीत असेल तर ते गार्डकाकांना का बोलले नाहीत? की तेही माझ्यासारखेच रोज वाक्य तयार करत होते? विचारायचं राहिलं. आता दोघेही नाहीत.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी मी दुर्गला त्या बाईंच्या घरी गेलो. गाडी रुमालात होती, सोबत जुनं भिंग. चहा येण्याआधीच सांगून टाकलं. मग गाडी उलटी करून मडगार्डच्या आतली बाजू भिंगाखाली धरली. माझं ब्लेड तिथे पोचलं नव्हतं. तिथे मरून रंग आहे, तांदळाच्या दाण्याएवढा.

त्यांनी भिंग स्वतःच्या हातात घेऊन पाहिलं. मला वाटलं, रडतील किंवा हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे पुडी बरोबर होती."

"हो, ताई."

"मंग तुमी तवाच कावून नाई सांगतलं, काकाजी?"

मी पंच्याऐंशीचा माणूस. मी म्हणालो, "मला कळत नाही."

त्यांनी चहा दिला. मी गाडी तिथेच ठेवू का विचारलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. "गाडी काय करू जी मी. माझा भाऊ नाई मानणार हे. तो म्हनंन, म्हातारी काहीबी बोलून राहिली. त्यानं बाबाचं ते बोलणं वर्षभर उशाशी बसून ऐकलं आहे. तुमी कागदावर लिहून द्या."

मी घरी येऊन लिहायला बसलो. चार ओळींचं काम होतं, ते इतकं लांबलं. त्या ओळी खाली देतो.

बिलासपूरहून भिलाईसाठी दिलेली पुडी गार्डकाकांनी स्टेशनवर माझ्या हातात दिली. आत क्रीम आणि मरून रंगाची जर्मन गाडी होती. पुडी बरोबर होती. मला मिळाली.