फरीदाबादमधला पाच एप्रिल

फेब्रुवारीत एका मंगळवारी, सकाळचा चहा झाल्यावर, माझे पती गेले. मार्च संपत आला तेव्हा गाझियाबादहून ह्यांच्या जहाजावरच्या जुन्या कॅप्टनसाहेबांचा फोन आला.

“भाभीजी, इस बार हम लोग गुडगाँव में किसी होटल में बैठ जाते हैं. आपको तकलीफ़ नहीं देंगे.”

ते पाच एप्रिलबद्दल बोलत होते. एका भारतीय कंपनीचं जहाज पहिल्यांदा मुंबईहून विलायतेला निघालं, तो हा दिवस. देशभर तो सागरी दिन म्हणून पाळतात. दिल्लीत त्याचा गाजावाजा सरकारी कचेऱ्यांपुरताच. माझ्या पतींनी जहाजावरची इंजिनिअरची नोकरी सोडून तिथल्या नौवहनाच्या कचेरीत नोकरी धरली होती. त्या आठवड्यात ते छातीवर टाचणीने लावायचा छोटा कागदी झेंडा घरी आणत आणि एक माझ्याही पदराला लावत. मी शाळेत ग्रंथपाल होते. मुलं विचारायची, “मॅम, दिल्ली में जहाज़ कहाँ है?” मी म्हणायची, माझ्या घरी जेवायला येतात.

ते खरंच होतं. दिल्लीच्या आसपास स्थायिक झालेले त्यांचे जुने खलाशी मित्र त्या दिवशी आमच्याकडे फरीदाबादला जमत. पहिला घास घेण्याआधी सगळे उभे राहत, समुद्रात प्राण गेलेल्यांसाठी क्षणभर गप्प राहत, आणि मग जो आरडाओरडा सुरू होई तो संध्याकाळपर्यंत. माझे पती एरवी अबोल. आमचं लग्न झालं ते समुद्र सोडल्यावर, त्यामुळे जहाजावरचा माणूस मी पाहिलाच नव्हता. तो मला वर्षातून एकदा, या मंडळींच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी भेटायचा.

हा दिवस एकदा हॉटेलात गेला की परत येणार नाही, हे मला फोनवरच कळलं. त्याच्याबरोबर तो माणूसही जाणार होता.

“नहीं, यहीं होगा,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

नोएडाला राहणारी माझी नणंद रागावली. “वर्ष व्हायच्या आत घरात पंगत? वहिनी, लोक काय म्हणतील?”

“सण नाही गं तो.”

“मग काय आहे? हसणं, खाणं, गाणी. दादाच्या फोटोसमोर?”

ती तिच्या जागी बरोबरच होती. मी फक्त बेत बदलला नाही.

दर वर्षी सकाळी मासळीबाजारात जाऊन सुरमई आणायचं काम ह्यांचं. मला मासे पारखता येत नाहीत, म्हणून मी वरणभात, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर केली. बारा वाजता बेल वाजली. कॅप्टनसाहेब दारात, हातात ओली पिशवी. “भाभीजी, सोचा अब मछली कौन लाएगा, तो मैं ले आया.” त्यांच्या मागून केरळचे रेडिओ ऑफिसर आले, त्यांच्याही हातात सुरमई. मग आणखी दोघं, तीच पिशवी, तेच वाक्य. जन्मभर एकमेकांना संदेश पाठवत जगलेली ही माणसं. पण या बाबतीत कुणी कुणाला विचारलं नव्हतं. सिंक भरलं, मग बादली आणली.

शेवटची बेल नणंदेची. तिच्याही हातात पिशवी.

“तू?”

“तू करणारच, माहीत होतं मला. म्हटलं, निदान मासे तरी धड असू देत. हे काय, बाजार उठवून आणलाय का सगळ्यांनी?” तिने पदर खोचला आणि रेडिओ ऑफिसरांची सुरमई वास घेऊन बाजूला ठेवली. “ही मांजराला.”

“अरे, दीदी!” ते कळवळले.

जेवताना कॅप्टनसाहेबांनी एक गोष्ट सांगितली जी मी कधी ऐकली नव्हती. एका सफरीत जहाजभर दुर्गंधी सुटली. मेलेला उंदीर शोधायला त्यांनी सगळ्यांना जुंपलं. उंदीर सापडेना. शेवटी कळलं, माझ्या पतींनी इंजिनरूमच्या गरम हवेत बोंबील वाळत घातले होते आणि तो वास पंख्यांनी थेट कॅप्टनच्या केबिनमध्ये पोचवला होता.

“मैंने डाँटा, तो बोला, सर, दो दिन और, फिर आपको भी खिलाऊँगा. और खिलाए भी, कमबख्त ने!”

नणंद खळखळून हसली. “लहानपणी दादा बंबाच्या बाजूला वाळवायचा! आई त्याला झोडपायची!” हसता हसता तिने डोळे पुसले आणि फोटोकडे पाहिलं. मग ताटात आणखी एक तुकडी वाढून घेतली. वर्ष न झाल्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

याला आता काही वर्षं झाली. रेडिओ ऑफिसर मुलाकडे कोचीला गेले. कॅप्टनसाहेबांना जिना चढवत नाही, त्यांचा जावई हात धरून आणतो. घरात मी एकटी असते. पाच एप्रिल आमच्याच घरी होतो.