वाऱ्याला हुकूम

कट्टा गावच्या शिंप्याने ते वाक्य गाळलं. तोंडवलीच्या तुकाआजोने गाळलं. जानकीकाकीनेही गाळलं, तेव्हा मला वाटलं की माझ्या वाचण्यातच काहीतरी चूक आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे चूक आधी माझीच असणार, असं मी धरूनच चालतो.

कॉलेज सांभाळून मी एका भाषांतराच्या ऑफिसात अर्धवेळ काम करतो. तिथे बायबलमधल्या नव्या कराराचं मूळ ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर चाललं आहे. ग्रीक येतं ते आमच्या साहेबांना. मला अक्षरं वाचता येतात आणि थोडे शब्द कळतात, एवढंच. माझं काम कार्डं लिहिण्याचं. एखादं क्रियापद जिथे जिथे येतं, तिथलं एकेक कार्ड करायचं. सुट्टीत दुसरं काम असतं, टेस्टिंग. ड्राफ्टमधला उतारा साध्या माणसांना वाचून दाखवायचा आणि त्यांनी तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. ते जिथे अडतात, तिथे ड्राफ्ट कच्चा. ऐकणारा ख्रिस्ती असो की हिंदू, दोघंही चालतात.

दिवाळीच्या सुट्टीत गावी निघालो, तेव्हा साहेबांनी ‘एपितास्सो’ या क्रियापदाचा उतारा हातात दिला.

“अर्थ सांग,” ते म्हणाले.

“आज्ञा करणं, सर.”

“आज्ञा करणारी क्रियापदं ग्रीकमध्ये पुष्कळ आहेत. कुणी निरोप द्यावा तसं सांगतं, कुणी जबाबदारी सोपवतं. याचा अर्थ काय?”

मी हातातला उतारा पुन्हा वाचू लागलो.

“‘तास्सो’ म्हणजे रांगेत लावणं, जागा नेमून देणं. सैनिकांना लावतात तसं. ‘एपि’ म्हणजे वर. वरच्याने खालच्याला त्याची जागा दाखवणं. इथे विनंती नसते, कारण सांगणं नसतं. म्हणून मी ‘हुकूम’ हा शब्द घातलाय. लोकांना कळतो का बघ. कुणी गाळला, तर पुन्हा वाच. तीनदा वाच. ‘हुकूम’ ठेवायचा की काढायचा, ते तुझ्या रिपोर्टवर ठरेल.”

या क्रियापदाची कार्डं दहाच झाली होती. राजा शिपायाला हुकूम करतो आणि तुरुंगातल्या माणसाचं डोकं आणलं जातं. महायाजक, म्हणजे मुख्य पुजारी, जवळच्यांना हुकूम करतो, याच्या तोंडात मारा. एका मेजवानीत नोकर धन्याला सांगतो, तुम्ही हुकूम केलात तसं झालं. येशू लोकांना गवतावर बसवायला सांगतो, तिथेही हेच. चार कार्डं अशुद्ध आत्म्यांची, म्हणजे माणसांना झपाटणाऱ्या भुतांची. त्यातल्या एका जागी तर आत्मेच गयावया करतात, की आम्हाला खोल गर्तेत जायचा हुकूम करू नकोस. उरलेल्या दोनांपैकी एक वादळाचं, म्हणजे मी टेस्टिंगला नेलेलं. होडीतून जाताना येशू वादळ शमवतो आणि त्याचे शिष्य घाबरून म्हणतात, हा कोण, की वाऱ्याला आणि पाण्यालाही हुकूम करतो आणि ते त्याचं ऐकतात? दुसरं एका पत्रातलं. त्याबद्दल पुढे सांगतो.

वाटेत कट्ट्याला शिंप्यापुढे वाचून आमच्या तोंडवलीला पोचलो, तेव्हा जेवणवेळ टळून गेली होती. गावातला म्हातारा मच्छीमार तुकाआजो माडाखाली जाळं दुरुस्त करत होता. जानकीकाकी त्याच्या शेजारी रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसली होती. ती आमच्या घरी मासे घालते, म्हणून मला लहानपणापासून ओळखते. तिचा एकुलता एक झील भिवा पहाटेच्या मतलईवर होडी घेऊन गेला होता. मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा. दुपारनंतर वारा उलटा फिरतो आणि होड्या त्याच्यावर परत येतात. इंजिनवाली होडी आमच्याकडे अजून कुणाची नाही. भिवाला दोन दिवस ताप होता. सोबतीला त्याचा काका, त्याचा उजवा खांदा कामातून गेलेला. बाकीच्या होड्या आत आल्या होत्या.

“आयलो पाद्रीबाबा!” काकी म्हणाली. “वाच तुझा काय ता. माझो तरी जीव रमात.”

मी वाचलं. आजोने सगळी गोष्ट झकास परत सांगितली, होडीत शिरलेल्या पाण्यासकट. फक्त शेवटचं, हुकमाचं वाक्य सोडलं. काकीनेही तेच केलं.

“काकी, शेवटचा रवला.”

“रवाक नाय. मियांच ठेवलंय.”

“कळाक नाय?”

“कळला म्हणान तर ठेवलंय. होडी भायर आसा माझी.”

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण नियम तीनदा वाचायचा होता, आणि अर्धवट रिपोर्ट साहेबांपुढे न्यायची मला भीती वाटत होती. मी दुसऱ्यांदा वाचलं. आजोने सुई थांबवली. तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा ‘हुकूम’ शब्दावर नीट जोर दिला.

वारा पडला.

हळूहळू नाही. माडाच्या झावळ्या सळसळत होत्या, त्या थांबल्या. वाळत घातलेलं जाळं फुगलेलं होतं, ते खाली लोंबलं. मग पाणी सपाट झालं, तेल ओतल्यासारखं. किनाऱ्यावर लाट फुटल्याचा आवाजही येईना.

गोष्टीत वारा थांबतो, तेव्हा माणसं वाचतात. शिडाची होडी घरी यायची असते, तेव्हा मात्र तसं नसतं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. खाडीच्या तोंडाशी पाणी जोरात बाहेर ओढत होतं. वारा नसेल तर ती ओढ होडीला खडकांकडे नेते. तापाने फणफणलेला एक आणि एका हाताचा दुसरा, ते किती वल्हवणार?

“काय केलंस रे ह्या?” काकी उठून उभी राहिली.

“मियां हुकूम करूक नाय, काकी. मियां नुसता वाचलंय.”

“वाऱ्याक काय म्हायत तू वाचतंस म्हणान?”

मी कागद पाठीमागे धरला.

“फिरव तो,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडसून गेलो, तूच फिरव. त्याका सांग, वाहा म्हणान.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण दुसरा हुकूम सोडायची मला छाती होईना. पहिला ऐकला गेला, याचीच भीती बसली होती. तेव्हा मला ते पत्रातलं कार्ड आठवलं. एक म्हातारा प्रेषित तुरुंगातून मित्राला लिहितो, की मी तुला हुकूम करू शकलो असतो, पण करत नाही, विनवतो. दहांपैकी एवढ्या एकाच ठिकाणी अधिकार असलेला माणूस तो वापरत नाही. आणि मला तर अधिकारच नव्हता.

“आजो,” मी म्हटलं, “गाऱ्हाणा घाल. मियां व्हय म्हणतंय.”

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने आपलं दुःख आणि मागणं सांगायचं. एक जण सांगतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. आम्ही ख्रिस्ती. गाऱ्हाण्याला साथ दिल्याचं घरी मायला मी अजून सांगितलेलं नाही.

आजोने पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन हात जोडले.

“बा म्हाराजा, ह्या चेड्याच्या तोंडसून चुकान शब्द गेलो!”

“व्हय म्हाराजा!”

“अजाण पोर, तेचो राग होडयेर काढू नको!”

“व्हय म्हाराजा!”

“जानकीचो झील सुखरूप घराक हाड!”

“व्हय म्हाराजा!”

साथ देणारे आम्ही दोघं होतो, काकी आणि मी. शेवटच्या वेळी मला तीन आवाज ऐकू आले. तिसरा पाण्याकडून आला. मी काकीकडे पाहिलं. तिनेही तो ऐकला होता. आजोने वळून पाहिलं नाही.

पुढचं पाहिलं तेवढंच लिहितो. वारा आला नाही. बऱ्याच वेळाने, सूर्य पाण्याला टेकायला आला असताना, खाडीच्या तोंडातून होडी आत आली. शीड लोंबत होतं. वल्ही आत ओढून ठेवलेली होती. पाणी बाहेर ओढत होतं आणि होडी आत येत होती. काकी कमरेएवढ्या पाण्यात शिरली.

भिवा आडवा पडलेला होता, पण शुद्धीत होता. त्याचा काका कठड्याला धरून बसला होता. आजोने त्याला विचारलं, “तुमी साद दिलास?”

“खंयची साद? तोंडात थुकी नाय रवली,” काका म्हणाला. “वल्ही केदवाच सोडलंव.”

“मगे होडी घराक हाडल्यान कोणी?”

भिवाला उतरवायचं होतं, त्या कामाला काका लागला. काकीने लेकाचं कपाळ चाचपलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू आता घराक जा, बाबा. आणि तो कागद मडचून घी.”

मी कागदाची घडी घातली आणि निघालो.

ऑफिसात साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. वारा पडल्याचं मी लिहिलं होतं. तिसऱ्या आवाजाचं लिहून खोडलं होतं. खोडलेलंही त्यांनी उजेडाकडे धरून वाचलं.

“म्हणजे शब्द कळला,” ते म्हणाले.

“हो सर. कळला म्हणूनच गाळला.”

“मग ‘हुकूम’ राहील.” त्यांनी ड्राफ्टवर सही केली. मग टेस्टिंगच्या नियमांचा कागद पुढे ओढून त्यांनी खाली आपल्या हाताने एक नियम वाढवला. किनाऱ्यावर वाचायचं असेल, तर सगळ्या होड्या आत आल्या आहेत का, हे आधी विचारावं.